मास्टरांचे मनगट

मास्टर कुणाला नमस्कार करीत नसत आणि हस्तांदोलनही करीत नसत. समोरच्याने हात पुढे केला की ते त्याचे मनगट अंगठा आणि मधले बोट यांच्या कड्यात पकडत, बोटे एकमेकांवर किती चढली ते पाहत आणि खिन्नपणे विचारत, "हाऊ हात शे का?" हा हात आहे का, या अहिराणी प्रश्नाला उत्तर अपेक्षित नसे. माझ्या मनगटावर तर त्यांची बोटे चढून पुढे बरीच उरली. तेव्हा ते एवढेच म्हणाले, "गुरजी, खडू उचलता का दोन्ही हातांनी?"

मी उधन्यातल्या एका मराठी शाळेत शिक्षक आहे. चाळिशी उलटल्यावर, डॉक्टरांनी दटावल्यामुळे आणि घरी कुणाला न सांगता, मी व्यायामाला सुरुवात केली. रस्त्यावरच्या काचेच्या जिममध्ये शिरण्याचे धैर्य मला नव्हते. म्हणून आमच्या सोसायटीच्या मंडळाच्या मागल्या खोलीत, जिथे मास्टरांचा दरबार भरे, तिथे मी भीतभीत जाऊ लागलो.

आपल्यापैकी प्रत्येकाने असा एखादा माणूस पाहिला असेल, ज्याचा एकच अवयव मोठा झालेला असतो आणि बाकीचा देह त्या अवयवाच्या सेवेत असतो. मास्टरांचे पाय काटकुळे होते, पोट सुटलेले होते. पण कोपरापासून मनगटापर्यंत त्यांचा हात असा काही भरला होता की तो दुसऱ्या कुणाचा तरी उसना आणलेला वाटावा. लग्न असो वा तेरावे, त्यांच्या बाह्या कोपरावर दुमडलेल्या असत. जेवताना ते ताटापेक्षा आपल्या हाताकडे अधिक पाहत.

या हाताचा सोसायटीला उपयोगही होता. घट्ट बसलेली लोणच्याची बरणी घेऊन बायका त्यांच्याकडे येत. मास्टर ती एका पिळात उघडत, कौतुक ऐकून घेत आणि मग तितक्याच कौतुकाने बंद करून देत. ती पुन्हा त्यांच्याशिवाय उघडत नसे. नळांचीही तीच गत. त्यांनी बंद केलेल्या नळाचे वायसर महिनाभरही टिकत नसे. त्यांच्या सुनेने अखेर स्पष्ट सांगितले, "पप्पा, तुम्ही घरात कशाले हात लावू नका बरं." त्या दिवसापासून मास्टर घरी फक्त झोपायला जात.

खोलीत आरसा नव्हता, यंत्रे नव्हती. एक लाकडी रूळ होता, त्याच्या मध्यावरच्या खुंटीत अडकवलेली सुती दोरी होती आणि दोरीच्या टोकाला जुन्या लूमचे, म्हणजे यंत्रमागाचे, लोखंडी वजन. दोन्ही हात समोर ताठ धरायचे, रूळ मनगटांनी फिरवत राहायचा आणि दोरी गुंडाळत वजन वर आणायचे. पहिल्या दिवशी वजन माझ्या गुडघ्यापर्यंत आले आणि हातांत जणू निखारे भरले. मी स्वाभाविकपणे रूळ उलटा फिरवून वजन खाली सोडू लागलो.

"उलगडायचं नाही!" मास्टर ओरडले.

मी दचकून थांबलो.

"कापडाचा गुंडाळलेला ताका उलगडतात तो कवा? माल परत येतो तवा. व्यापाऱ्याला डाग दिसतो, तार तुटलेली दिसते, तवा. आपल्या हातचा माल परत नाही येत."

मास्टरांची हयात लूमच्या कारखान्यात गेली होती. तिथे उलगडलेला ताका म्हणजे बेइज्जती. ती समजूत त्यांनी जशीच्या तशी व्यायामशाळेत आणली. वजन वर आले की हात ताठ ठेवून जोडीदाराला हाक मारायची. त्याने दोन्ही हातांनी वजन काढून घ्यायचे. मग दोरीचे वेटोळे रुळाच्या टोकावरून, बांगड्या उतरवाव्यात तसे, सरकवून काढायचे. एका माणसाच्या व्यायामाला दोन माणसे लागत. मी एकदा अत्यंत नम्रपणे म्हणालो की वजन सावकाश खाली सोडण्यातही मनगटाला व्यायाम होतो, असे मी वाचले आहे. मास्टरांनी माझ्या चष्म्याकडे पाहिले. "वाचलं ना? मग वाचूनच मनगट वाढवा."

कारखान्यात नवी यंत्रे आली आणि मास्टरांना घरी बसवले गेले, ही गोष्ट मला फार नंतर कळली. ते मात्र "मी सोडलं" असे सांगत. म्हणजे घरी हात लावायची बंदी आणि कारखान्यात हातांची गरज नाही. त्यांच्याकडे उरली होती ती एक खोली. तिथे ते मास्टर होते. खोलीबाहेर ते नळ बिघडवणारे एक म्हातारे गृहस्थ होते.

अशात डिंडोलीचा एक तरुण प्रशिक्षक मंडळाच्या प्रमुखांकडे आला. त्याला ती खोली हवी होती. आरसे लावीन, मशिनरी आणीन, पोरांना सवलत देईन, असे त्याचे म्हणणे. प्रमुख भिडस्त होते. त्यांना मास्टरांना नाही म्हणवेना आणि आरशांनाही. तेव्हा मास्टरांनीच तिढा सोडवला. "याच्यात दम असेल तर माझ्याच रुळावर होऊन जाऊ द्या. जिंकेल त्याची खोली."

"चालेल काका," तरुण गुजराती वळणाच्या मराठीत म्हणाला. "पण वजन वर आणायचं आणि धीरे धीरे खालीपण सोडायचं. मध्येच पडलं तर हरला. बरोबर ने?"

मास्टर त्या वेळी त्याचे मनगट मोजण्यात गढले होते. बोटे पुरत नव्हती, म्हणून ते थोडे अस्वस्थ झाले होते. "हो हो, बरोबर," ते म्हणाले. समोरच्याचे ऐकण्याची सवय त्यांना नव्हतीच.

कानबाईचा उत्सव आटोपल्यानंतरच्या रविवारी सकाळी सगळी सोसायटी चौकात जमली. तरुणाने आधी केले. त्याने वजन संथपणे वर आणले आणि त्याहून संथपणे खाली सोडले. लोखंड फरशीला टेकल्याचा आवाजसुद्धा झाला नाही. लोकांना हे फारसे रुचले नाही. त्यात पाहण्यासारखे काही नव्हते.

मग मास्टर उठले. दोरी सरसर गुंडाळली गेली. वजन रुळाला येऊन धडकले, टाळ्या पडल्या, कुणीतरी शिट्टी वाजवली. मास्टरांनी हात ताठ ठेवून सर्वांवर नजर फिरवली.

"काका, आता खाली," तरुण म्हणाला.

"खाली काय?"

"दादा, शर्त होती ना," प्रमुख म्हणाले. "धीरे धीरे सोडायचं."

मास्टरांचा चेहरा मी पाहिला. पहिल्यांदाच त्यांना काहीतरी ऐकू आले होते.

"उलगडायचं नाही," ते म्हणाले.

"रिटर्न माल नाही घेत मास्टर!" गर्दीतून कुणीतरी म्हणाले आणि चौक हसला. मीही हसलो, ते वाक्य खरोखर चांगले होते.

तत्त्वासाठी ते अडून राहिले, असे त्यांचे चेले आजही सांगतात. मला तसे वाटत नाही. कधी न केलेली गोष्ट त्या प्रचंड हातांना येतच नव्हती, आणि हे त्यांना तिथे, सगळ्यांसमोर, उमगले होते. प्रमुखांनी आणखी दोनदा विनवले. मग खिशातून खोलीची किल्ली काढून तरुणाला दिली. लोक पांगू लागले. चेले आरसे कुठल्या भिंतीला बसतील ते पाहायला खोलीत शिरले.

मास्टर तसेच उभे होते, हात समोर, वजन वर. जोडीदाराने येऊन ते काढून घ्यायचे असते. कुणी येत नव्हते. मी पुढे झालो.

"दोन्ही हातांनी, गुरजी," ते पुटपुटले.

मी वजन काढले आणि खाली ठेवले. रूळ घ्यायला गेलो, तर त्यांच्या बोटांत पेटके आले होते. मुठी उघडेनात. मी एक बोट सोडवून पाहिले. ते थंड आणि कडक होते.

"राहू द्या. सुटतील."

आम्ही तसेच निघालो. ते रूळ पुढे धरून, मी बाजूने. फाटकाची कडी मी काढली. जिना चढताना त्यांचा तोल गेला, तेव्हा कोपर मी धरले. दिवाळीनंतर ते कामरेजला धाकट्या मुलाकडे राहायला गेले आणि मला पुन्हा भेटले नाहीत.

त्या दिवशी दार सुनेने उघडले. तिने आधी रुळाकडे पाहिले, मग मुठींकडे, मग माझ्याकडे. आत जाऊन पेला भरून आणला, एक हात सासऱ्यांच्या मानेमागे ठेवला आणि पेला त्यांच्या ओठांना लावला. मास्टर उंबऱ्यात उभ्याउभ्या, डोळे मिटून, पाणी पीत राहिले.