बायकांची मुतारी आणि माझं 'हो'

सोमवारी नगरपरिषदेत गेले होते. मंडईत बायकांसाठी मुतारी बांधा, असा अर्ज दिला होता, त्याचं काय झालं ते विचारायला... तिथून जे तोंड घेऊन परत आले, ते अजून आरशात बघवत नाही.

गाव जालना जिल्ह्यातलं, एवढंच सांगते. नाव लिहिलं की लगेच 'गावाची बदनामी करता' म्हणून सुरू होतील.

मंडईसमोर माझा शिवणक्लास आहे. मंडईच्या कोपऱ्यात आधी एक जुनी मुतारी होती. पत्रा गंजलेला, दार एका बिजागरीवर लटकलेलं... पण होती. परिषदेने ती 'धोकादायक' म्हणून पाडली, नवीन बांधू म्हणाले. आणि त्या जागेवर काय केलं? कारंजं! आठ दिवसांनी एकदा नळ येणाऱ्या गावात कारंजं. उद्घाटनाला टँकर लावून उडवलं. त्यानंतर आजपर्यंत त्यात गुटख्याच्या पुड्याच दिसतात.

पुरुषांचं काय हो, भिंत दिसली की झालं. बायकांनी जायचं पार बसस्टँडवर... टोपली कुणाच्या भरवशावर सोडून?

सुंदराबाई टेंभुर्णीकडून मेथी, शेपू घेऊन येते. सकाळच्या टेम्पोने येते, दिवेलागणीला परत जाते. दिवसभर पाण्याचा घोट घेत नाही. या उन्हाळ्यात दोनदा लघवीतून रक्त गेलं तिच्या. पाणी पी, नाहीतर किडनीवर जाईल, असं डॉक्टरने बजावलंय. मला म्हणाली, "ताई, डॉक्टर म्हन्तेत पानी पे. पिऊन जाऊ कुठं मंग?"

मी म्हटलं, माझ्या घरी येत जा, मागच्या गल्लीतच तर आहे. दोनदा आली. तिसऱ्यांदा आमच्या सासूबाई तिच्या देखत म्हणाल्या, "आना सगळी मंडई घरात! पानी कोन भरनार मंग?" झालं... ती परत आली नाही. आणि खरं सांगते, मीही तिला बोलवायला गेले नाही.

मग अर्ज केला. 'मुतारी' लिहायचं नसतं म्हणे, 'महिला प्रसाधनगृह' लिहायचं. लिहिलं बाई. मंडईतल्या सगळ्याजणींच्या सह्या घेतल्या, अंगठे घेतले.

तर सोमवारी आरोग्य विभागातल्या साहेबांनी बसायला खुर्ची दिली, चहा विचारला आणि फाईल पुढ्यात ठेवली. विषय सभेत आला होता. 'सद्यस्थितीत आवश्यकता नाही' म्हणून एकमताने फेटाळला होता. एकमताने! त्या सभेत बायकाही बसतात बरं का.

माझा पारा चढला. आवश्यकता नाही हे कुणी ठरवलं, म्हटलं. साहेबांनी शांतपणे एक कागद माझ्याकडे फिरवला. स्वच्छतेच्या सर्व्हेत लोकांना फोन करून प्रश्न विचारले होते, त्याची उत्तरं होती ती.

"मॅडम, तुमच्याच वॉर्डातली आहेत बघा. जवळ स्वच्छतागृह आहे का? हो. महिलांची सोय आहे का? हो. समाधानी आहात का? हो. लोकच बिलकुल समाधानी, तर आम्ही खर्चा कशावर दाखवायचा?"

मी तो कागद तसाच परत सरकवला. कारण तो फोन मलाही आला होता...

एका बाईच्या ब्लाउजचं माप घेत होते तेव्हा. वॉर्डाच्या ग्रुपवर नगरसेवकभाऊंचा मेसेज आधीच पडला होता. फोन आला तर सगळ्याला हो म्हणा, गावाचा नंबर वर येईल, झाकली मूठ सव्वा लाखाची! मी त्यावर अंगठा टाकला होता. आणि फोनवर एका दमात हो, हो, हो म्हणून मोकळी झाले होते. प्रश्नही नीट ऐकले नव्हते.

नंबर आला तेव्हा चौकात गुलाल उधळला, डीजे लावला. मी याच वॉलवर 'अभिमान आहे माझ्या गावाचा' असं टाकलं होतं. तुम्हीही भरभरून लाईक केलंत. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

तशीच मंडईत आले. सुंदराबाई बाटलीतलं पाणी मेथीवर शिंपडत होती, भाजी सुकू नये म्हणून. तिला सगळं सांगितलं. म्हटलं, चांगल्या ठेवणीतल्या शिव्या दे मला.

ती हसली. म्हणाली, "जाऊ द्या ताई. मला बी आल्ता त्यो फोन, मंडईच्या पावतीवर नंबर हाय ना माझा. बाप्या मानसाचा आवाज... त्याला कसं सांगू, आमाला जायला जागा न्हाई म्हनून? हो म्हनलं अन् ठिवून दिला."

मी तिथेच पोत्यावर बसले. ती बिचारी लाजेपायी हो म्हणाली होती. मला कसली लाज होती? मला नुसती मिरवायची हौस... स्वतःचाच इतका राग मला कधी आला नव्हता.

काल नवीन अर्ज लिहिला. पहिलंच वाक्य, 'सर्व्हेच्या फोनवर मी दिलेली उत्तरं खोटी होती.' खाली नाव, पत्ता, सही. घरचे म्हणतायत, कशाला अंगावर ओढून घेतेस? नगरसेवकभाऊंनी तर ग्रुपमधून काढूनही टाकलं. काढू देत.

वॉर्डातल्या ज्यांनी ज्यांनी फोनवर हो म्हटलं असेल, त्यांनी क्लासवर या आणि माझ्या सहीखाली सही करा. 'छान लिहिलंस' वगैरे नको, प्लीज... सुंदराबाईला पाणी प्यायचंय.