सूर्यभान गुरुजींनी उठवलेले वीर

सूर्यभान गुरुजी माझे शेजारी. भिंतीला भिंत. बायको गेल्यावर माणसं दुसरं लग्न करतात, गुरुजींनी दगडांशी संसार मांडला. पारनेर तालुक्यात जिथं वीरगळ, तिथं गुरुजी. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा कोरीव दगड. आमच्या वेशीबाहेर असे पाच होते, शेंदूर फासलेले. गुरुजी डोळे मिटून त्यांच्यावरून बोटं फिरवायचे आणि कोण कुठल्या घरचा, गुरं सोडवताना पडला की वेस राखताना, ते सांगायचे. इतिहासाचे मास्तर निवृत्त झाले तरी तास काही संपेना, असं मी चिडवायचो.

बहात्तरचा दुष्काळ पडला. रस्त्याचं काम निघालं आणि गाव खडी फोडायला बसलं. डोंगर लांब, म्हणून भिमाजी सरपंचांनी वेशीबाहेरचे हे वीरगळच फोडायचं ठरवलं. त्या दिवशी गुरुजी जेवले नाहीत. पंचायतीची निवडणूक तोंडावर होती, तिला उभे राहिले. मी पोट धरून हसलो.

प्रचाराची तऱ्हा तर ऐका. दारात उभं राहून आधी रिकाम्या ओसरीला रामराम घालायचे, त्या घरच्या मेलेल्या माणसाचं नाव घेऊन. मग जित्यांकडं मत मागायचे. लंकाबाई आमच्या गल्लीतली तिखट म्हातारी. ती फणकारली, "सासऱ्यांना इचारून सांगते." गुरुजींनी तिथल्या रिकाम्या बाजेकडं कान लावला. मान हलवली.

"ते हो म्हणतात. पण माझी घोंगडी सुनेनं भावाला का दिली, असं विचारतात."

लंकाबाईच्या हातून सूप पडलं. ही गोष्ट तिनं नवऱ्यालाही कळू दिली नव्हती. गुरुजींनी ती घोंगडी सुप्याच्या बाजारात तिच्या भावाच्या खांद्यावर पाहिली असणार, असं मी गावभर पटवत फिरलो. ऐकतंय कोण? आपल्या घरचा मेलेला काय बोलून बसेल, या धास्तीनं गावानं मतं दिली आणि गुरुजी सरपंच झाले. मी कुणाला दिलं ते विचारू नका. आजोबा माझेही वारलेत.

खरी पंचाईत पुढंच. गुरुजींनी डोंगरातून गाडीनं दगड आणायचं ठरवलं, पण चाऱ्यावाचून बैल बसले, दगड येईना. खडी नाही तर काम बंद, काम बंद तर चुलीवरची मिलोची लाल भाकरीही बंद. बाया पोरं घेऊन चावडीसमोर बसून राहिल्या. शेवटी गुरुजी म्हणाले, फोडू वीरगळ.

देव हलवल्याशिवाय विसर्जन होत नाही, हे आपल्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. गुरुजींनी आपल्या वाट्याच्या पाण्यातून एकेका दगडावर तांब्या ओतला, दोन्ही हातांनी दगड हलवला आणि त्या वीराचं नाव घेऊन म्हणाले, "उठा." प्रत्येक वेळी वेशीत निजलेली कुत्री उठून बाजूला सरत होती, कुणाला तरी वाट दिल्यासारखी. त्यानंतर पहिल्याच घावाला दगड शिळ्या भाकरीसारखा मोडायचा.

पाचवा दगड फुटला तेव्हा लंकाबाई दबक्या आवाजात म्हणाली, "गुरुजी, उठिवलं खरं. पन बसिवलं कुटं?"

गुरुजींचा चेहरा उतरला. जन्मभर त्या वीरांची कुळं शोधणारा माणूस नेमकं हेच विसरला होता. पाण्यात सोडावं तर विहिरी कोरड्या. वंशजांच्या घरी न्यावं तर सगळे मागं मागं सरकू लागले. अखेर वेशीकडं तोंड करून गुरुजींनी हात जोडले.

"माझ्याकडं चला."

सकाळी मी दात घासायला राखुंडी मागायला गेलो, तर सरपंच ओट्यावर, अंगाखाली पोतं.

"काय सरपंच, घरातून हाकललं का कुणी?"

"आत जागा नाही," गुरुजी म्हणाले, पाहुणे आल्यावर सांगावं इतक्या साधेपणानं.

मी हसत दार ढकललं. खोली रिकामी होती. भांडी फळीवर जागच्या जागी, चूल थंड. आत शिरायला पाय उचलला, आणि तो टेकवायला जागा सापडेना. दाटीनं बसलेल्या पंगतीत वाढप्याला सापडत नाही, तशी.

"अहो, चपला काढा आधी," मागून गुरुजी हळूच म्हणाले.