शमुवेलचा अंगठा

तिसगावात मरियमबाईंसमोर अंगठा उठवायची कुणाची छाती नव्हती. दिवसा बाई झेडपीच्या शाळेत पोरांना शिकवायच्या आणि शाळा सुटली की पोरांच्या बापांना. सोसायटीत नाहीतर पंचायतीत कुणी शाईच्या पॅडकडं हात नेला, की बाईंचा आवाज आलाच म्हणून समजा: "अंगठा देवानं तंबाखू मळायला दिलाय. सही कर!" भले भले मिशीवाले गडी पेन धरून घाम गाळायचे. बैल आवरणं सोपं, पण बाईंसमोर स्वतःचं नाव लिहिणं अवघड, असं ते म्हणायचे.

आणि ह्याच बाई म्हातारपणी एका अंगठ्यासाठी नगरच्या कोर्टाच्या पायऱ्या चढल्या. गंमत आहे की नाही?

तो अंगठा त्यांच्या वडिलांचा, शमुवेलचा. बाई आईच्या पोटात होत्या तेव्हाच शमुवेल तापानं गेले. फोटो नव्हता. फोटो काढायला तेव्हा नगरला जावं लागे, आणि गरीब माणूस नगरला जायचा तो दवाखान्यात नाहीतर कोर्टात. लहानपणी मरियम आईला विचारायची, "माझे बाबा कसे होते?" आई सांगायची. पण सांगताना दर वेळी बाप बदलायचा. कधी उंच असायचा, कधी ठेंगणा. कधी देवळात भजन म्हणताना त्याचा आवाज वेशीपर्यंत जायचा, कधी तो तोंडातून शब्द काढत नसायचा. पोरीची समजूत घालायला आई रचून सांगते, हे मरियमला लहानपणीच उमगलं. फक्त एक गोष्ट आईनं कधी बदलली नाही. "ज्वारी काढताना तुज्या बापाच्या अंगठ्यावर इळा बसला हुता. हाडापतुर. जखम भरली, पन वन ऱ्हायला. अंगठ्यावरनं आडवा रस्ता गेल्यावानी."

हे खरं की हेही रचलेलं? मरियमबाईंना आयुष्यभर एवढंच जाणून घ्यायचं होतं. कारण आई त्यात खरी निघाली, तर निदान एक अंगठाभर बाप त्यांचा होता.

शमुवेलनं मरताना पाद्रीसाहेबांकडून मृत्युपत्र लिहवून घेतलं होतं. ओली बाळंतीण आई तान्ह्या मरियमला घेऊन बैलगाडीनं नगरला गेली आणि कोर्टातून त्याचं प्रोबेट करून आणलं. प्रोबेट म्हणजे हे मृत्युपत्र खरं आहे, असं कोर्टानं सांगणं. ख्रिस्ती माणसाचं मृत्युपत्र तेव्हा त्याशिवाय चालत नसे. घरी मिळाली ती नक्कल, आणि ती पुढं वाळवीनं खाल्ली. मूळ कागद, खालच्या अंगठ्यासकट, कोर्टानं ठेवून घेतला होता.

हे सगळं बाईंना ठाऊक होतं. पण जाऊ, जाऊ म्हणताना नोकरी झाली, म्हातारपण आलं, आणि मग डोळ्यांचा पडदा गेला. समोरचं मधलं दिसेना, कडेचं तेवढं दिसे. कोंबडी दाणा बघते तशी मान वाकडी करून बाई बघायच्या. डॉक्टर म्हणाले, आहे तेवढं बघून घ्या. बाईंनी त्याच संध्याकाळी चुलतभावाच्या पोराला, मिरजगावच्या सत्यवानला, फोन लावला. "टेम्पो काढ. नगरला जायचंय."

"आत्या, टेम्पोत कांदे हायेत."

"मग कांदे पण येऊ देत."

कोर्टात अर्ज दिला. आठवड्यानं उत्तर घ्यायला गेले, तर खिडकीतली धनश्री नावाची कारकून मुलगी ओशाळून म्हणाली, "आजी, सत्तेचाळीस सालापासून पुढच्या सगळ्या नोंदी पाहिल्या. शमुवेल नाव कुठंच नाही. तुम्ही साल कशावरून दिलंत?"

"अगं, वडील गेले तेव्हा मी पोटात होते. आणि माझी जन्मतारीख एक जून सत्तेचाळीस."

मागं कुणीतरी फस्सकन हसलं. रेकॉर्ड रूमचे जुने शिपाई रशीदभाई होते. "माफ करा बाई. पन माझीबी एक जूनच हाय."

"माझीबी," सत्यवान म्हणाला.

"आमच्या आजोबांची पण एक जून," धनश्री म्हणाली, आणि तिलाही हसू आवरेना.

आता हे शहरातल्या माणसाला सांगावं लागतं. आपल्याकडं देवानं माणसं बारा महिने जन्माला घातली, पण गुरुजींनी सगळी एक जूनला घातली. पोराला शाळेत आणलं की बाप सांगायचा, "म्हैस व्याली त्याच्या आगंमागं झालं बगा." गुरुजी पोराची उंची बघत, दात बघत, आणि एक जून लिहून टाकत. साल जरा अलीकडचं धरत, म्हणजे नोकरी लागलीच तर पोराला चार वर्षं जादा मिळावीत. मरियमबाईंनी स्वतः अर्ध्या तिसगावाला एक जूनला जन्माला घातलं होतं! पण आपली तारीखही अशाच कुठल्या गुरुजींच्या दयाळू टाकातून उतरली असेल, हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नाही. प्रत्येक फॉर्मवर लिहून लिहून ती खरी वाटू लागली होती.

बाई खिडकीचा गज धरून उभ्या राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "आई सांगायची, मी झाले तेव्हा लढाई चालू होती. रॉकेल मिळत नव्हतं, म्हणून सुईणीनं अंधारात चाचपून नाळ कापली."

"कुठली लढाई, आत्या?"

"जर्मनची रे!" आणि बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "आख्खी नोकरी पोरांकडून घोकून घेतलं, महायुद्ध पंचेचाळीसला संपलं. आणि मी बसले सत्तेचाळीस धरून!"

हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. धनश्रीनं नवा अर्ज पुढं सरकवला.

पुढच्या खेपेला रशीदभाईंनी त्यांना रेकॉर्ड रूमच्या दारापर्यंत नेलं. आत जायची परवानगी नव्हती, पण दारातूनच बाईंचे पाय थबकले. जमिनीपासून छतापर्यंत मांडण्या, आणि मांडण्यांवर तांबड्या फडक्यात बांधलेले गठ्ठे. कचेरीत त्यांना रुमाल म्हणतात. पायरीवरच्या दिव्यापासून पार पलीकडच्या काळोखापर्यंत नुसते रुमालच रुमाल. बाईंनी मान वाकडी करून एक बाजू पाहिली, मग दुसरी. देवळात शिरल्यासारखा त्यांनी डोक्यावर पदर घेतला.

"रशीदभाई, एवढी माणसं?"

"व्हय बाई. समदी गेलेली. कुनाचा मळा, कुनाची हिर, कुनाचं पितळंचं घंगाळ. मानूस गेला, पन त्याचं बोलनं हितं ऱ्हायलं."

"आणि गरिबाचंबी ठेवलंय?" सत्यवानचा आवाज आपोआप बारीक झाला होता. "आमच्या चुलत आज्याचं घर म्हंजी कुडाच्या दोन खोल्या हुत्या."

"फडकं समद्यांना सारखंच," रशीदभाई म्हणाले.

लढाईच्या सालातला, त्रेचाळीसचा रुमाल टेबलावर आला. रशीदभाईंनी बिस्मिल्ला म्हणत गाठ सोडली. शमुवेलचं प्रकरण निघालं, आईचा अर्ज निघाला, पाद्रीसाहेबांची साक्ष निघाली. मृत्युपत्र मात्र नव्हतं. सत्यवानचा चेहरा उतरला. बाईंनी पदराचं टोक बोटाला घट्ट गुंडाळलं.

धनश्रीनं कागदाच्या कडेची बारीक नोंद वाचली. "थांबा, आजी. मूळ मृत्युपत्र रुमालात नाही ठेवत. ते लोखंडी कपाटात असतं. किल्ली साहेबांकडं आहे, आणि साहेब जेवायला गेलेत."

साहेबांचं जेवण कधी एवढं लांबलं नसेल! बाहेर बाकावर सत्यवाननं चहा आणला, तो तसाच निवला. "आत्या, समजा अंगठा असला आन् वन नसला तर?"

"तर आईनं तेही रचलं होतं, असं समजायचं. तिच्याकडं तरी दुसरं काय होतं द्यायला?" बाई म्हणाल्या.

शेवटी लाखेची खूण असलेला लखोटा आला. धनश्रीनं कागद अलगद उलगडून टेबलावर ठेवला. "हात नाही लावायचा हं, आजी."

बाई वाकल्या. आधी त्यांना काहीच दिसेना. मग मान डावीकडं वळली, आणि नजरेच्या कडेला काळपट जांभळा ठसा आला. ऐंशी वर्षांपूर्वी मरत्या माणसानं टेकवलेला अंगठा. एकेक रेघ नांगरटीच्या तासासारखी उमटली होती. आणि त्या सगळ्या रेघा तोडत, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, पांढरी आडवी वाट गेली होती. तिथं शाई लागलीच नव्हती.

"विळा," बाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "आई, खरं सांगत होतीस गं."

रशीदभाईंनी डोक्यावरची टोपी उगाच सारखी केली. सत्यवान खिडकीबाहेर बघत राहिला.

कागद लखोट्यात गेल्यावर धनश्रीनं वही पुढं केली. "कागद पाहिला, म्हणून इथं सही करा, आजी."

बाईंनी पेन बाजूला सारलं. "शाईचं पॅड आहे का गं?"

"अहो, तुम्ही तर शिक्षिका ना?"

"आहे की. आण पॅड."

अन् तिसगावच्या मरियमबाईंनी, सगळ्या गावाच्या अंगठ्यांना धाकात ठेवणाऱ्या बाईंनी, उजवा अंगठा शाईत बुडवून वहीत दाबला. चांगला दाबून धरला, रेघा नीट उठेपर्यंत.

रशीदभाई रुमाल बांधू लागले. "घट्ट बांधा, भाऊ," बाई म्हणाल्या.

परतताना टेम्पोत सत्यवाननं पुसायला फडकं दिलं, ते त्यांनी घेतलं नाही. अंगठा मांडीवर उताणा ठेवून बसल्या होत्या. भिंगारच्या पुढं गेल्यावर सत्यवान गालात हसला. "आत्या, म्हंजी तुमी चार वर्सं जास्तच नोकरी केली म्हना की!"

"गप," बाई म्हणाल्या. "समोर बघून चालव."