नववा परस

कडूबाई पायाकडून जन्मली. आधीची तीन लेकरं महिन्याच्या आत गेली होती, म्हणून मरणाने हिला तोंडी लावू नये असं नाव ठेवलं. पेडगावात मात्र तिला सगळे पायाळूच म्हणायचे. कुणाच्या पाठीत उसण भरली की तो तिच्या दारात पालथा पडायचा आणि ती त्याला हलकीशी लाथ मारायची. आभाळ कडाडलं की शेजारणी तिला आपल्या ओसरीवरून उठवायच्या. वीज पायाळूला शोधत येते म्हणे. आणि कुणाला विहीर पाडायची असली की तिला शेतातून अनवाणी फिरवायचे. पायाळू माणसाला जमिनीच्या आतलं दिसतं.

तिला काहीही दिसत नव्हतं. उंबर कुठे आहे, वारूळ कुठे आहे, कुठलं गवत सगळ्यात शेवटी वाळतं, एवढं ती बघायची आणि थांबायची. "इथं." मग लोक विचारायचे, "किती परस?" परस म्हणजे उभ्या माणसाची उंची. तिकडे विहिरीची खोली माणसांनी मोजतात. तोंडाला येईल तो आकडा ती सांगायची, आणि बहुतेक वेळा पाणी लागायचं. हे तिने कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं. नवऱ्याजवळही नाही.

नवरा चंद्रभान विहिरी खोदायचा. त्याच्याकडे एक दोर होता. आपल्या उंचीवर एक, असं करत तो त्याला गाठी मारायचा; कडूबाई सांगेल तितक्या गाठी. व्यंकटराव पाटलाच्या माळावर ती म्हणाली होती, नऊ. आठव्या गाठीला चंद्रभानने खालून हाक दिली, "कोरडं हाय गं!"

"आनखी एकच परस!" तिने वरून सांगितलं.

"मानूस हाय का बैल मी!" तो हसला. ते हसणं वर पोचायच्या आत एक बाजू ढासळली.

दोन दिवस माती उपसली. उपसावी तेवढी वरून येत राहिली. शेवटी पाटलाने खड्डा बुजवून टाकला आणि पळसाच्या पानांचा चंद्रभान करून तो जाळला.

सहा वर्षांत बुजवलेली माती खाली बसली आणि कडेला हातभर लांबीची फट पडली. ती फट श्वास घ्यायची. सकाळी वाळकं पान तिच्यावर धरलं तर चिकटून बसायचं. दहाच्या सुमाराला ते गळून पडायचं आणि मग दुपार कलेपर्यंत आतून गार वारा यायचा, जुन्या मातीच्या वासाचा. त्या बाजूला कुणी गुरं नेत नसे. कडूबाई दुपारी भाकर घेऊन तिथे जायची. श्वास बाहेर येण्याची वेळ तिने साधलेली होती.

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दिवसांत, निजामाच्या फसली सनाच्या तेराशे बावन्न साली, हैदराबादच्या कॉलेजातली अकरा पोरं रेल्वेने पेडगावला उतरली. मागून बैलगाडीत तीन पायांची घडवंची, कप्पी आणि दोन माणसांना न उचलवणारी लोखंडी पहार आली. जमिनीचं शास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांची त्यांची एक मंडळी होती. तिला ते अंजुमन म्हणत. पेट्रोल मिळेनासं झालं होतं, मोटारी कोळशावर चालत होत्या. निजामाच्या मुलखात मातीचं, म्हणजे जमिनीतलं, तेल आहे की नाही, हे सुट्टीत शोधून काढायचं अंजुमनने ठरवलं होतं. माळावरच्या फटीची खबर त्यांना कुणीतरी दिली होती.

गावाने अंजुमन ऐकलं ते अंजन. गुप्तधन बघायला पायाळूच्या डोळ्यांत अंजन घालतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. चंद्रभानचा धाकटा भाऊ भुजंग पळत घरी आला.

"वयनी, अंजनवाले आलेत! डोळे धुऊन बस."

"माज्या डोळ्यात काय घालनार?"

"घासलेट. त्येच हुडकायलेत. निघालं का मग पाटलाच्या हिरीत कंदीलच बुडवून काढायचे."

अंजुमनचं काम रीतसर चाले. लिंबाखाली सतरंजी पडायची, मागच्या बैठकीची हकीकत वाचली जायची, आणि प्रत्येक गोष्ट हात वर करून ठरायची. वहीत लिहिण्याचं काम दिनकररावाकडे होतं. तो गंगाखेडचा, अकरांत मराठी बोलणारा तो एकटाच. त्यांनी फटीपाशी दिवा धरला. सकाळी ज्योत आत वाकली, दुपारी बाहेर. आत वायू आहे, वायू आहे म्हणजे तेल असू शकतं, असं बोलणं झालं. शिवाय बुजवलेली माती मऊ. पहार दोन दिवसांत तळाला जाईल. त्याच ठिकाणी भोक पाडावं म्हणून सात हात वर झाले.

कडूबाई सतरंजीच्या कडेला उभी होती. "तितं नका मारू पहार," ती म्हणाली. "माजा मानूस हाय तितं."

दिनकररावाने उर्दूत सांगितलं, यांचा नवरा तिथे आहे.

"मग त्याला जरा बाजूला व्हायला सांगा," एक जण म्हणाला आणि दोघं-तिघं हसली. दिनकरराव हसला नाही, तेव्हा त्यांना कळलं. वर गेलेले सात हात आधीच वहीत लिहिले गेले होते.

व्यंकटराव पाटील खाकरला. "सहा वर्सं झाली, कडू. माती झाली आता त्याची. ह्या लेकरांनी कुठून कुठून लोखंड आनलंय."

"माती झाली तर झाली. तिच्यातून पहार न्हाई घालू देनार."

पोरं बराच वेळ आपसात बोलत राहिली. मग दुसरा ठराव झाला, आणि दिनकररावाने तो खाली मान घालून तिला सांगितला. बाई पायाळू आहेत, तर दुसरी जागा त्यांनी दाखवावी. खोली त्यांनीच सांगावी. तेवढ्या खोलीत काही लागलं, मग ते तेल असो नाहीतर पाणी, तर जुन्या विहिरीला कुणी हात लावणार नाही. काहीच लागलं नाही तर पहिला ठराव कायम.

जन्मात पहिल्यांदाच तिला खरोखर दिसायला हवं होतं. आजूबाजूला उंबर नव्हता, वारूळ नव्हतं. उन्हात सगळं गवत सारखंच पिवळं. ती चालली. दहा पावलांवर पाय थांबले. का, ते तिला कळलं नाही.

"इथं. नऊ परस."

"परस म्हणजे किती फूट?"

"मानसाएवडा."

"कुठल्या माणसाएवढा, मावशी?"

तिने घरून चंद्रभानचा दोर आणला. दिनकररावाने दोन गाठींमध्ये फूटपट्टी लावली. पाच फूट सात इंच.

पहार उचलायची आणि सोडायची. रोज तीन-चार फूट. त्या धडधडीने फटीच्या तोंडाशी मातीचे कण उडायचे, आणि श्वास बाहेर यायचा तो आता मधेच अडकत अडकत यायचा. कडूबाई दोन्हींच्या मधे बसून राहायची. एक हात फटीवर, एक हात पहारेच्या दोरावर. बारा दिवसांत आठवी गाठ जवळ आली. काळा खडक, कोरडा भुगा. पहार आता इकडेच येणार म्हणून व्यंकटरावाने फटीभोवतीचं गवत काढून घ्यायला माणसं लावली.

तेराव्या दिवशी, भर दुपारी, पहार खडक फोडून गेली आणि पडतच राहिली. कप्पी किंचाळली. मग खालून आवाज आला, पाण्याचा.

दोराला नळी बांधून पाणी वर काढलं. पोरांनी ते हुंगलं, चाखलं, आणि एकमेकांकडे बघितलं. तेलाचा वासही नव्हता.

"गोड आहे," दिनकरराव म्हणाला आणि वहीत लिहू लागला. चव्वेचाळीस फूट आठ इंचांपर्यंत खडक. त्याखाली पोकळी. पोकळीखाली पाणी.

"पोकळी केवडी हाय, लेकरा?"

"पाच फूट सात इंच."

"गाठीत सांग."

त्याने दोराकडे बघितलं. लिहिणं थांबवलं. "एक," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी अंजुमन शेवटची बैठक घेऊन गेली. तेल नाही, असं एकमताने ठरलं. जुन्या विहिरीला कुणी हात लावला नाही.

उन्हाळ्यात पाटलाने त्याच भोकावर विहीर धरली. खोदायला भुजंग. तो दोर मागायला आला तेव्हा कडूबाईने दोर दिला, पण मागून मागून विहिरीपर्यंत गेली आणि रोज काठावर बसली. भुजंग खालून काहीबाही बोलायचा. तुझ्या सासऱ्याची चिलीम सापडली म्हणायचा, घासलेट लागलं म्हणायचा. एके दिवशी, सकाळची वेळ होती, दोर आठव्या गाठीला पोचला होता.

"अजून कोरडं हाय, वयनी!" खालून हाक आली. "एकच परस ऱ्हायला."

आवाज चंद्रभानचा नव्हता. पण शब्द त्याच आठव्या गाठीवरून आले होते.

"वर ये," ती म्हणाली.

"आगं, पानी खालीच हाय. भोकातून दिसायलंय मला!"

"भुजंगा, वर ये म्हनते ना!"

"आठावर हिर सोडली तर पाटील माज्या पाठीत लाथ घालंल. अन् तो पायाळू बी न्हाई."

"वर ये रं!" ती इतकी ओरडली की माती ओढायचे बैल बुजले. काठावरच्या दोघांनी न विचारताच दोर ओढायला घेतला. भुजंग शिव्या देत वर आला. त्याने पाय काठावर टेकवला आणि खाली विहिरीचा तळ बसला. फारसा आवाज झाला नाही. कुणीतरी फार वेळ धरून ठेवलेला श्वास सोडावा, तेवढाच. मग पोकळी भरून पाणी वर चढू लागलं.

भुजंग काठावर बसून पाणी चढताना बघत राहिला.

"नऊच परस निघालं," व्यंकटराव म्हणाला. "चुकली न्हाई पायाळू."

दुपारी कडूबाई भाकर घेऊन फटीपाशी गेली. वाळकं पान सकाळपासून तिच्यावर चिकटलेलं होतं. दहा वाजून गेले होते, ते गळायला हवं होतं. तिने बोटाने पान काढलं आणि तळवा फटीवर धरला. वारा बाहेर येत नव्हता, आतही जात नव्हता. नव्या विहिरीवर बायका घागरी भरत होत्या, कुणीतरी तिला पाणी प्यायला हाक मारत होतं. ती दुपार कलेपर्यंत तळवा तसाच धरून बसली.