कढईतला हंस

गल्लीत सगळे तिला काकू म्हणायचे. भरतकामाच्या मशीनवर तिनं एकटीनं संसार ओढला, मुलगा वाढवला, सून आणली. हात अजून शाबूत होते, डोळे मात्र दगा द्यायला लागले होते. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. काकू पाणीही फुंकून प्यायची.

पोळलं ते असं. पूर्वी मशीनवर एक कारागीर होता. त्यानं तिची सगळी डिझाईनं पेनड्राइव्हवर उतरवून घेतली आणि रस्त्यापलीकडे, बरोबर समोर, स्वतःचं दुकान थाटलं. पळाला तो वीस पावलंही नाही, तरी गल्लीनं त्याला पळपुट्या ठरवलं. त्या दिवसापासून काकूनं कॉम्प्युटरमधल्या एकाही फाईलला खरं नाव दिलं नाही. हंसाला ती कढई म्हणाली, जाईच्या वेलीला बादली. वर चोरासाठी सापळाही लावला. हंस नावाची एक फाईल ठेवली, पण तिच्यात होता एका नळदुरुस्तीवाल्याच्या गणवेशावरचा नळ. येऊ दे चोराला, हंस समजून नळ घेऊन जाईल. खऱ्या नावांची तिजोरी एकच, तिचं डोकं. आणि तिला कुलूपही तिचंच.

सून कॉम्प्युटर शिकलेली. एका रिकाम्या दुपारी म्हणाली, "आई, तुमच्या फायली म्हणजे नुसता उकिरडा झालाय. नीट लावून देऊ?"

"कशाला? मला सापडतं सगळं."

"मला नाही ना सापडत."

हे 'मला' काकूच्या कानात कुसळासारखं रुतलं. तरी ती दोरे कापायच्या निमित्तानं स्टूल ओढून मागं बसली. सून दाखवत होती. ही एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरला दिलेले हुकूम. ती प्रत्येक फाईलचं नाव वाचते. नावात मोर, पोपट, हंस आला की पुढं 'पक्षी' अशी खूण जोडते, बादली आली की 'भांडी'. मग एका दमात सगळ्यांची नावं बदलून ज्याला त्याला आपापल्या फोल्डरमध्ये नेऊन बसवते. यादीत नुसती नावंच दिसायची, चित्र दिसत नसे.

"आई, आपण भांड्यांची इतकी डिझाईनं कुणासाठी केली?"

"होतं एक गिऱ्हाईक," काकू म्हणाली.

मग सून फोन घेऊन दारात गेली. आवाज दबका होता. "हो, सगळ्या एकदम हलवायच्या. नाही, त्यांना नको विचारायला, घाबरतील."

काकूची कात्री थांबली. सून आत आल्यावर तिनं विचारलं, "कोण गं?"

"मैत्रीण. स्क्रिप्ट अडली होती."

"राहते कुठं ही मैत्रीण?"

सून हसली. काकू हसली नाही. तिनं समोरच्या दुकानाकडे पाहिलं. पळपुट्या बाहेर उभा राहून कान कोरत होता. फोन संपल्यावर माणूस कान कोरतो, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी काकू डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली. परतली तेव्हा डोळ्यांत औषध होतं आणि जग धुक्यात. दुकानात लॉजवाला उभा होता. त्याला उशांच्या अभ्र्यांवर हंस हवे होते. पहिला अभ्रा नुकताच उतरला होता. लॉजवाला तो उजेडात धरून म्हणाला, "मान झकास आलीय काकू. पण चोच गळतेय."

काकूनं बोट फिरवलं. नळ. खाली थेंबसुद्धा.

म्हणजे सापळ्यात सापडलं कुणीतरी. तिच्या छातीत आधी आनंद उसळला, मग गार पडला.

"हंस कुणाला हवा होता?" तिनं सुनेला विचारलं.

"ह्यांना. काल संध्याकाळी तुमच्यासमोरच सांगून गेले की."

"संध्याकाळपर्यंत अभ्रे हवेत," लॉजवाला म्हणाला. "नसेल जमत तर समोर देतो, मला काय."

काकू कॉम्प्युटरच्या पडद्याशी वाकली. नुसता पांढरा धूर. अक्षर लागेना. सांगितल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि आजवर तिनं पोटच्या पोरालाही सांगितलं नव्हतं. ती सुनेच्या कानाशी गेली.

"भांड्यांत बघ. कढई."

सुनेनं फाईल उघडली. कढईत हंस होता. मग म्हणाली, "म्हणजे ती सगळी भांडी…"

"हळू बोल."

"माझ्यापासूनसुद्धा, आई?"

"ती नावं तू यायच्या आधीची आहेत."

"आणि मी आल्यावरची?"

काकू दोरे आवरू लागली. सुनेनं कोरा अभ्रा चौकटीत ताणला, मशीन सुरू केलं. सुई धावू लागली. काकू नुसता आवाज ऐकत बसली. हा अभ्रा उतरल्यावर तिनं तो मांडीवर घेतला, बोटांनी मान शोधली, मग पाठ, मग पिसांचे बारीक टाके. चोच कोरडी होती. लॉजवाला संध्याकाळी येतो म्हणून निघून गेला.

"बादलीत काय आहे?" सुनेनं मशीनवरून मान न उचलता विचारलं.

"जाई."

"परातीत?"

"पोपटांची जोडी."

"आणि मोर कशात लपवलाय?"

धुक्यातसुद्धा काकूनं रस्त्यापलीकडे पाहिलं. तिथं काहीतरी हललं, किंवा हललं नसेल.

"आधी ते दार लोटून घे," ती म्हणाली.