आपला नाही ना?

गणपतीत आमच्या मंडळाची वादसभा असते. विषय आधी कळतो, बाजू मात्र ऐन वेळी चिठ्ठी उचलून. यंदाचा विषय होता ‘फाशी असावी की नसावी’. बायकोनं चिठ्ठी उघडली आणि निघालं ‘असावी’.

माझा चेहरा पडला. सिंगापुरातल्या क्वीन्सटाउनच्या हॉलमध्ये माझ्या शेजारी बसली होती आमच्याच मजल्यावरची मलय शेजारीण. तिच्या धाकट्या भावाला ड्रग्जच्या खटल्यात फाशी सुनावली आहे आणि दयेच्या अर्जाचं उत्तर यायचंय. विषय ठाऊक असूनही ती बायकोचं पहिलंवहिलं भाषण ऐकायला आली होती. तिला मराठी येत नाही. दुभाषा मी!

बायको तावातावानं सुरू झाली. मी कुजबुजलो, “म्हणतेय, सिंगापूर छान आहे.”

“ती एवढी बोलली आणि तू एवढंसंच? नीट सांग लाह!” शेजारणीनं इथल्या लकबीत दटावलं. “माझ्यासमोर सगळे विषय बदलतात.”

मग सगळं सांगितलं. रस्ते सुरक्षित, मुली बिनधास्त, कायदा सर्वांना सारखा. ती मान डोलावत म्हणाली, “चांगलं बोलते.” काय बाई आहे!

पण ‘सारखा’ म्हणताना बायको अडखळली. विरुद्ध बाजूनं बोलणाऱ्या बँकवाल्याला तिनं थेट विचारलं, “दादा, फाशीची बातमी आली की आधी काय वाचता?”

तो आमचा कायमचा विजेता, पण माणूस सरळ. “नाव. आपला नाही ना, ते बघायला.”

हॉल हसला.

बायको म्हणाली, “तमिळ निघाला तर आपण हुश्श करतो. मलय निघाला तर पान उलटतो. मग कायदा सारखा आहे का, हे विचारणार कोण?”

आता कुणी हसलं नाही. परीक्षकांनी घंटी वाजवली: स्वतःच्याच बाजूविरुद्ध बोलल्याबद्दल बाद. करंडक घेताना बँकवाला म्हणाला, “वहिनी, हरलात, पण काय हरलात!”

मी पान उलटण्यासकट सगळं भाषांतर केलं.

घरी परतताना एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, शेजारीण बायकोला म्हणाली, “पुन्हा सांग, इंग्रजीत. सोमवारी भावाला भेटणार आहे. काचेपलीकडून का होईना, त्याला ऐकवायचंय.”

बायकोनं सगळं पुन्हा सांगितलं.

“तो विचारेल, ती जिंकली का?”

“बाद झाले!”

शेजारीण खळखळून हसली. “तेही सांगते. त्याला फार आवडेल.”