वीस मिनिटांची वाफ

डेअरीत त्यांना सगळे विरजणताई म्हणत. खरं नाव हजेरीपटापुरतं उरलं होतं. सव्वीस वर्षं त्यांनी दह्याचे जिवाणू पोटच्या पोरांसारखे सांभाळले. टाकीला तळहात लावून ऊब ओळखायच्या. थंडी पडली की आधी टाकीची चौकशी, मग माणसांची. अशा बाईला व्यवस्थापकांनी जिवाणू मारायच्या कामावर नेमलं. या माणसाचं डोकं ठिकाणावर नाही, असं ताईंचं स्पष्ट मत होतं, आणि ते त्यांनी दोनदा ऐकवलंही होतं.

काम तसं साधं. टाकीत वाढवलेल्या जिवाणूंना वाफेने अर्धा तास तापवायचं, सगळे मेले की वाळवून भुकटी करायची. ही भुकटी इस्पितळात जाई आणि तिथून थोडी ताईंच्याच घरी येई, त्यांच्या धाकट्या भावासाठी. लिफ्ट दुरुस्त करणारा हा दणकट गडी रक्ताच्या आजाराने पार चिपाड झाला होता. उपचारांनी आजार हटला, पण प्रतिकारशक्ती गेली आणि पोटाची दैना झाली. डॉक्टरांनी दही बंद केलं. त्याऐवजी ही भुकटी घेऊन बघा म्हणाले. काहींच्या पोटाला आधार मिळतो, गुण येईलच असं नाही, पण मेलेले जिवाणू अंगात वाढत तरी नाहीत.

ताईंच्या गळी हे काही उतरेना. मढी कसलं पोट सावरणार? भाऊ रोज डोळ्यांदेखत वाळत होता आणि अख्ख्या शहराला दही खाऊ घालणारी त्याची बहीण हात बांधून बसली होती. शेवटी एका सकाळी त्यांनी विसाव्या मिनिटालाच वाफ बंद केली. थोडे तरी जिवंत राहोत, माझ्या भावाला लागू पडोत. नोंदवहीत मात्र तीस मिनिटं लिहिली.

माल तपासल्याशिवाय बाहेर जात नाही, हे त्यांना ठाऊक होतं. पण चार-दोन जीव कोणाला दिसतात, असं त्यांनी स्वतःला पटवलं. प्रेमात माणूस असाच अडाणी होतो.

तिसऱ्या दिवशी तपासनीस बाई त्या भुकटीचा नमुना पसरून ठेवलेली काचेची बशी घेऊन आल्या. ती कोरी असायला हवी होती. तिच्यावर मोहरीएवढे पांढरे ठिपके उगवले होते. बॉयलरवाल्याने वाफ कमी सोडली असणार, असं बाईंना वाटलं. तो बिचारा दारात घाम पुसत उभा होता. ताई नुसत्या गप्प राहिल्या असत्या, तरी सगळं त्याच्यावर शेकलं असतं.

"वाफ मी बंद केली," त्या म्हणाल्या. "भावासाठी."

बाई रागावल्या नाहीत, तेच ताईंना जास्त लागलं. खुर्ची ओढून बाईंनी नीट समजावलं. शरीर जिवाणूला ओळखतं ते बरंचसं त्याच्या कवचावरून, आणि मेल्यावरही कवच शिल्लक राहतं. त्या ओळखीनेच आतडं सावध होत असावं, असं अभ्यास करणारे म्हणतात. अजून पुरतं कुणालाच कळलेलं नाही.

"तुमच्या-माझ्या पोटात हे जिवंत जिवाणू निमूट नांदतील," बाई म्हणाल्या. "तुमच्या भावाच्या रक्तात शिरले, तर त्यांना अडवायला तिथे कुणी नाही, ताई."

तो सगळा माल फेकला गेला आणि यापुढे नोंदवहीवर दुसऱ्याचीही सही घ्यायची, असं ठरलं. त्याचं त्यांना काहीच वाटलं नाही. आता भाऊ आपल्या हातचं खाईल का, एवढंच मनात घोळत राहिलं.

संध्याकाळी त्यांनी त्याला काही न लपवता सगळं सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग आजचा चमचा राहिलाय म्हणाला.

"माझ्या हातून घ्यायची भीती नाही वाटत?"

"दोर तपासणारा स्वतःहून चूक सांगतो ना, ताई, त्याच्या लिफ्टमध्ये मी डोळे मिटून चढतो. फक्त पुढच्या वेळी माझ्यासाठी ते जिवाणू नीट मार."

ताईंनी आधीच्या डब्यातली भुकटी पाण्यात कालवली. चमचा भरला आणि त्याच्या तोंडापाशी नेता नेता मध्येच थांबवला. त्याने त्यांचं मनगट धरलं आणि त्यांच्याच हाताने चमचा तोंडात घातला.